सीमाभागातील दिव्यांग आणि हक्कांची मुत्सद्देगिरी

दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा करार संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 13 डिसेंबर 2006 रोजी संमत केला. भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी त्याला अनुसमर्थन दिले. करारात सामील झालेल्या राष्ट्राला आपला अहवाल जिनिव्हा येथील तज्ज्ञ समितीपुढे मांडावा लागतो. भारताच्या पहिल्या अहवालाची छाननी 2019 मध्ये झाली.

बंदिस्त राजवटींशी संवाद साधण्यासाठी हा विषय अनेकदा उपयोगी पडतो. उत्तर कोरियाने 2016 मध्ये करार स्वीकारला आणि मे 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांगविषयक विशेष प्रतिवेदक कातालिना देवांदास यांना देशात येऊ दिले. मानवी हक्क परिषदेच्या स्वतंत्र तज्ज्ञाला त्या देशात मिळालेला तो पहिलाच प्रवेश होता. त्या देशातील एकूण मानवी हक्कांसाठी नेमलेल्या प्रतिवेदकांना मात्र तेथे प्रवेश मिळालेला नाही. दिव्यांगांचा प्रश्न राजवटीला आव्हान न वाटता कल्याणकार्य वाटतो, म्हणून दार किलकिले होते. मात्र अशी भेट देखाव्यापुरती उरण्याचा धोकाही असतो.

भारत लोकशाही राष्ट्र आहे, त्यामुळे ही तुलना मर्यादितच. तरीही राजकीय वाद अडला असता मानवी प्रश्नावर बोलणे शक्य असते, हा धडा बेळगाव-निपाणी भागालाही लागू पडतो. महाराष्ट्राचा सीमादावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्राने 2023 मध्ये 865 सीमागावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटकाने विरोध केला. उपचारही सीमावादात सापडले.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राला मात्र राज्याची सीमा नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली. त्याच्या कलम 58 नुसार हे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. 2017 च्या नियमांनी अर्जासाठी दोन वाटा दिल्या: राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय प्राधिकारी किंवा जेथे उपचार झाले ते शासकीय रुग्णालय. उपचारांसाठी कोल्हापूरला किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जाणाऱ्या सीमावासीयांच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची ठरते.

निवृत्तिवेतन मात्र रहिवासाशी जोडलेले असते. गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी राज्यात 15 वर्षांचे वास्तव्य लागते. म्हणून बेळगावच्या लाभार्थ्याला कर्नाटकाच्याच योजनांवर अवलंबून राहावे लागते आणि तेथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. भाषिक अल्पसंख्याकांची संख्या 15 टक्के वा अधिक असेल, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असे राष्ट्रीय पातळीवर मान्य झालेले धोरण सांगते. केवळ मराठी ब्रेल वाचणाऱ्या अंध व्यक्तीसाठी कन्नड अर्ज हा दुहेरी अडसर ठरतो.

तक्रारीसाठी राज्य दिव्यांग आयुक्तांचे दार खुले आहे. सीमेचा निकाल लागेल तेव्हा लागेल; तोवर तीनही राज्यांच्या आयुक्तांनी मराठीसह सर्व स्थानिक भाषांतील अर्ज आणि मार्गदर्शन यांवर एकत्र बसण्यास कोणत्याही दाव्याचा अडथळा नाही.