दोन औषधांची एक गोळी

मंडळी, हुपरीत पैंजण घेताना आपण आधी टंच विचारतो. मेडिकलमध्ये मात्र ‘सहाशे पंचवीसची द्या’ म्हणतो आणि गप्प घेऊन येतो. त्या गोळीत 500 मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि 125 मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड असतं. हे दुसरं कशासाठी, याचा इतिहास आज बघू.

1940 साली अब्राहम आणि चेन यांना काही जंतूंत पेनिसिलिन निकामी करणारा एक पाचक पदार्थ, म्हणजे एन्झाइम, सापडला. गंमत बघा, ऑक्सफर्डमधल्या पहिल्या रुग्णावर पेनिसिलिनचा उपचार झाला तो 1941 मध्ये. म्हणजे शत्रूची ढाल आधीच तयार होती! अपुरी मात्रा घेतली तर जंतू निगरगट्ट होतील, असं फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच बजावलं होतं. आपल्याकडे 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पेनिसिलिन देशात बनू लागलं आणि तो इशारा आपल्यालाही लागू झाला.

पुढे इंग्लंडमधल्या बीचम कंपनीने क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड शोधलं. ते स्वतः जंतू फारसे मारत नाही. त्या एन्झाइमला चिकटून त्याला निकामी करतं आणि अमॉक्सिसिलिनला वाट मोकळी करून देतं. 1981 पासून ही जोडगोळी बाजारात आहे.

म्हणूनच 375 च्या दोन गोळ्या म्हणजे 625 ची एक नव्हे. तसं केलं तर क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड दुप्पट जातं आणि पोट बिघडतं. गोळी जेवणाच्या सुरुवातीला घ्यावी. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल किंवा या औषधाने पूर्वी कावीळ झाली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचंच.

आता सर्दीचं. सर्दी विषाणूंमुळे होते, तिथं या गोळीचा उपयोग शून्य. ‘पण मला गुण आला की!’ असं लोक म्हणतात. आमच्या तर्कशास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. सर्दी आपणहूनच जाणार होती. जाताना पोटातले उपयोगी जंतू मात्र गोळीने मारले, आणि जे उरले ते निगरगट्ट.

2016 साली केंद्र सरकारने पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम काढली. ती रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस आपल्या मनाने कमी करायचे नाहीत. लहान मुलांचं पातळ औषध पाणी घालून कालवलं की फ्रिजमध्ये ठेवायचं. सात दिवसांनंतर उरलेलं टाकून द्यायचं, धाकट्यासाठी राखून ठेवायचं नाही.