‘पोटा’पासून ‘पोटी’पर्यंत

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या नियमावलीचा मसुदा भाषेच्या दृष्टीने तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. मसुद्यात जेथे जेथे ‘पोटनियम’ हा शब्द होता, तेथे तेथे समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी लाल शाईने ‘उपनियम’ अशी दुरुस्ती केली होती. कारण विचारता ते म्हणाले, “पोट हा शब्द जरा ग्राम्य वाटतो. नियमावलीत शोभत नाही.” दुरुस्ती मान्य झाली, मसुदा छापून आला, परंतु तो खोडलेला शब्द मनातून गेला नाही. या शब्दाचे कूळ कोणते आणि मराठीत त्याने आजवर कोणते काम केले, हे पाहिले म्हणजे त्या लाल रेघेने नेमके काय गमावले ते कळते.

संस्कृतात पोटासाठी उदर, जठर, कुक्षी असे शब्द आहेत. कुक्षीपासून आपली ‘कूस’ आली; उदर ‘उदरनिर्वाहा’पुरते लेखी भाषेत टिकले. ‘पोट’ मात्र यांपैकी कोणाचेही अपत्य नाही. प्राकृतात त्याचे रूप ‘पोट्ट’ असे असून ते गाथासप्तशतीत आढळते. बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘देशीनाममाले’त त्याची नोंद घेतली. संस्कृतातून व्याकरणाच्या नियमांनी ज्यांची सिद्धी होत नाही, अशा शब्दांचा हा संग्रह. म्हणजे ‘पोट’ हा उदराचा अपभ्रंश नव्हे. त्याचे मूळ वेगळेच आहे.

ते मूळ शोधू लागले की दक्षिणेकडे पाहावेच लागते. तेलुगूत पोटाला ‘पोट्ट’ म्हणतात, कानडीत ‘होट्टे’. जुन्या कानडीतील आरंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला, हे लक्षात घेतले म्हणजे ‘होट्टे’चे पूर्वरूप ‘पोट्टे’ हे सहज उलगडते. कोणी कोणाला शब्द दिला याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु शेजार निर्विवाद आहे, आणि तो केवळ ध्वनीपुरता नाही. अपराध ‘पोटात घालणे’ म्हणजे क्षमा करणे. कानडी माणूसही चूक ‘होट्टेगे’ घालून घ्यायला सांगतो, तेव्हा तो क्षमाच मागत असतो. दुसऱ्याचे बरे झालेले पाहून आपल्या पोटात दुखते. कानडीत मत्सराला ‘होट्टेकिच्चु’, म्हणजे पोटातली आग, असा शब्द आहे. एका अवयवाकडे पाहण्याची दृष्टीच दोन्ही भाषांनी वाटून घेतली आहे.

या दृष्टीचे सार असे, की पोट म्हणजे केवळ अन्नाची पिशवी नव्हे. ते ‘आत’ आहे. भूक तेथे, गर्भ तेथे, माया तेथे आणि कपटही तेथेच. म्हणून ‘पोटात एक, ओठात एक’. ‘पोटचा’ म्हणजे स्वतःचा. येथे शरीरशास्त्रही मागे पडते, कारण मूल आईप्रमाणेच बापाच्याही ‘पोटी’ जन्मते. पुढे तर हे ‘पोटी’ शरीर सोडून व्याकरणात शिरले. आपण ‘भीतीपोटी’, ‘द्वेषापोटी’ असे म्हणतो. भाड्यापोटी, कर्जापोटी रक्कम भरतो. एका अवयवाच्या नामाचे सप्तमी रूप शब्दयोगी अव्यय झाले. भीतीपोटी केलेले कृत्य म्हणजे भीतीच्या उदरातून जन्मलेले कृत्य. कारण आणि कार्य यांचे नाते मराठीने असे जन्माच्या नात्याने सांगितले आहे.

आता त्या ‘पोटनियमा’कडे वळू. ‘उप’ या उपसर्गाचा रोख जवळचे, खालोखालचे, दुय्यम असा आहे. उपप्राचार्य प्राचार्यांच्या खालोखाल असतात; त्यांना ‘पोटप्राचार्य’ कोणी म्हणणार नाही. उलट पोटकलम हे कलमाच्या आत असते, पोटमाळा खोलीच्या आत, पोटजात जातीच्या आत. पोटभाडेकरूचा हक्क मूळ भाडेकरूच्या हक्कात सामावलेला असतो. सात-बारा उताऱ्यावरील ‘पोटखराब’ म्हणजे त्याच गटातील, पण लागवडीस अयोग्य असे क्षेत्र. हिंदी ज्याला ‘उपचुनाव’ म्हणते, त्याला मराठी ‘पोटनिवडणूक’ म्हणते. आणि आपली शेजारीण गुजराती ‘पेटाचूंटणी’ म्हणते, तीही पोटावरूनच. तेव्हा ‘उप’ आणि ‘पोट’ हे पर्याय नव्हेत. एक बाजूला उभा राहतो, दुसरा आत राहतो. खोडला गेला तो केवळ ग्राम्य वाटणारा शब्द नव्हता, तो एक अर्थभेद होता.

या शब्दाची सर्वांत मोठी कामगिरी मला ‘पोटगी’त दिसते. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५, आणि १ जुलै २०२४पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम १४४, ही पत्नी, मुले आणि आईवडील यांच्या निर्वाहाविषयीची. न्यायालयाच्या आवारात उभी असलेली बाई मात्र ‘पोटगी’ मागायला आलेली असते. हिंदीत ‘गुजारा भत्ता’ आहे. भत्ता म्हटले की कोणीतरी देणारा डोळ्यांसमोर येतो. ‘पोटगी’त आधी दिसते ते पोट, आणि त्यामागचा हक्क.

विद्यार्थी निबंधात ‘पोट’ खोडून ‘उदर’ लिहितात, तेव्हा त्यांना वाटते की भाषा उंचावली. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: उदर तुम्ही अवश्य लिहा, पण ‘भीतीउदरी’ कोणी लिहून दाखवा.