सवतीचा टाक

प्रिन्स आल्बर्ट १८६१ सालीं निवर्तल्यावर व्हिक्टोरिया राणीनें त्याचे केस लॉकेटांत जपले व १९०१ पर्यंत, म्हणजे आमरण, शोकवस्त्रें सोडलीं नाहींत, हें आपण इतिहासांत वाचतों. परंतु नांदेड-लातूरकडील जुन्या देवघरांतील अशाच एका रीतीकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी व माळेगांवचा खंडोबा यांच्या टाकांशेजारीं घरांतील मृतांचेही टाक बसवीत. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून सोनार ते उमटवी. बिजवरास दिलेली मुलगी तर पहिलीची प्रतिमा गळ्यांत बाळगी.

दोहोंत भेद मोठा आहे. हस्तिदंतावर लघुचित्र काढणारा विलायती चितारी माणसाचा चेहरा शोधी; आमच्या ठशांत चेहरा बहुधा एकसारखाच. मृताचे केस जपणें आम्हांस अमंगळ वाटे. शिवाय तिकडे हेतु स्वतःच्या सांत्वनाचा, इकडे गेलेलीच्या संतोषाचा. त्यांत भयही होतें.

तथापि केवळ भय होतें, असें आम्हांस वाटत नाहीं. जिचें नांव वंशावळींतही बहुधा सांपडत नाहीं, तिला सणावारीं हळदकुंकू वाहिलें तें तिच्या सवतीनें. असा टाक सोनाराकडे मोडींत देण्यापूर्वीं वाचकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें.