मागच्या सीटचा इतिहास

माझी मोटारसायकल १९८६ सालची. आमचे लग्नही त्याच सालचे. दोघींची तुलना मी कधी करत नाही, पाहुणे करतात. गाडीचे इंजिन अजून पहिल्या नाही तरी तिसऱ्या किकला ओ देते. तक्रार होती ती मागच्या बाजूची. एका संध्याकाळी भाजी घेऊन परतताना पेठेतल्या एका गतिरोधकावरून आमची गाडी गेली. माझ्या मते गेली, हिच्या मते आपटली. घरी आल्यावर हिने शेकायची पिशवी कमरेला लावली आणि शांतपणे सांगितले, "यापुढे तुम्ही गाडीवरून जा. मी रिक्षाने येईन."

ती भांडली असती तर मला बरे वाटले असते. भांडण मिटवता येते. शांतपणाला काय करणार? त्या महिन्यात एका मुंजीला आम्ही दोन वाहनांनी गेलो. मी आधी पोचलो. "वहिनी कुठे?" असे दारातच सातजणांनी विचारले आणि सातही वेळा मी रस्त्याकडे बोट दाखवले. मराठीत 'डबलसीट जाणे' असा एक झकास वाक्प्रचार आहे. माझा संसार त्यावर चालला होता हे मला त्या दिवशी कळले.

गाडीच्या मागच्या चाकाला दोन बाजूंनी धरून बसलेले, स्प्रिंग गुंडाळलेले जे दोन दांडके असतात, त्यांना मिस्त्रीलोक 'शॉकअप' म्हणतात. त्यावर पायऱ्यापायऱ्यांचे एक कडे असते. ते आकड्याच्या पान्याने फिरवले की स्प्रिंग कडक होते, अशी माझी तरुणपणापासूनची समजूत. मी ते शेवटच्या पायरीपर्यंत चढवले. काही झाले नाही. कारण कडे फिरवल्याने स्प्रिंग कडक होतच नाही. फक्त गाडीची मागची बाजू उचलली जाते. दमलेल्या माणसाला उंच खुर्चीवर बसवले म्हणून त्याचा थकवा जातो थोडाच?

मग मी मिस्त्रीकडे गेलो. त्याने मागची सीट दोनदा दाबून पाहिली आणि म्हणाला, "काका, स्प्रिंग दमलीय थोडी. पण खरं सांगू का? तुम्ही वाढलात." माझे वजन त्याने विचारले. मी ते छाती पुढे आणि पोट मागे घेऊन ७२ सांगितले. "आणि काकूंचं?"

आता गॅरेजमध्ये चार माणसे उभी असताना बायकोचे वजन सांगणे आमच्या संस्कारांत बसत नाही. मी म्हणालो, "असेल साधारण." मिस्त्री अनुभवी होता. नवरे या प्रश्नावर गप्प बसतात तेव्हा त्या गप्प बसण्याचे किती किलो धरायचे, याचा त्याचा स्वतःचा हिशेब असावा. त्याने आत जाऊन त्याच्याकडची सर्वांत जाड तारेची स्प्रिंगजोडी आणली. "एक नंबर माल. हत्ती बसवा."

स्प्रिंगच्या तारेची एक गंमत आहे. वेटोळ्यांची संख्या आणि घेर तोच ठेवून तार आठ मिलिमीटरऐवजी नऊ मिलिमीटरची घेतली, तर स्प्रिंगचा कडकपणा सुमारे ६० टक्क्यांनी वाढतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. हे गणित मला नंतर कळले. हिला आधी कळले. कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत चाचणी म्हणून ती मोठ्या मनाने बसली आणि पहिल्याच खड्ड्याला गाडीने तिला वीतभर वर उडवून परत झेलले. देवळाशी ती उतरली, देवाला नमस्कार केला आणि चालत घरी गेली.

पराभव झाला की मराठी माणूस इतिहासाकडे वळतो. मीही वळलो.

पहिली पेट्रोलची मोटारसायकल म्हणून जिचे नाव घेतात ती जर्मनीत १८८५ साली गोटलीब डेमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी केली. सांगाडा लाकडी, चाके लाकडी आणि त्यांवर लोखंडी धावा. म्हणजे चाकांपुरती ती आपली बैलगाडीच. डेमलरच्या मुलाने ती चालवली तेव्हा खालच्या तापलेल्या यंत्राने सीटच पेटली, असे सांगतात. मोटारसायकलवाल्याच्या बैठकीचे हाल तेव्हापासून सुरू आहेत.

स्प्रिंगचे ज्ञान मात्र त्याच्याही दोनशे वर्षे आधीचे. इंग्लंडच्या रॉबर्ट हूक याने १६७६ साली स्प्रिंगचा नियम छापला. पण कुणी चोरू नये म्हणून अक्षरांची सरमिसळ करून, कोडे घालून! उत्तर दिले १६७८ साली. नियम एवढाच, की जितका भार टाकाल तितक्याच प्रमाणात स्प्रिंग ताणते वा दबते. दुप्पट भार, दुप्पट दबणे. स्प्रिंग भिडेखातर कमी दबत नाही.

एवढे ठाऊक असूनही मोटारसायकलवाल्यांनी स्प्रिंगा दिल्या त्या पुढच्या चाकाला आणि चालवणाऱ्याच्या खोगिराला. मागचे चाक सांगाड्याला जाम आवळलेले. मागे बसणाऱ्याचे स्थान बहुधा सामानाच्या कॅरियरवर, आणि त्याची किंमतही सामानाइतकीच. अपवाद होते. अमेरिकेतल्या 'इंडियन' नावाच्या कंपनीने (नाव सोडले तर तिचा आपला काही संबंध नाही) १९१३ साली मागे घोडागाडीसारखे पाटे बसवले. इंग्लंडच्या फिलिप व्हिन्सेंटने १९२८ साली मागच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. पण जाणकार मान हलवत. मागचे चाक हलते ठेवले की गाडी डुलणार, वेग जाणार, असे त्यांचे म्हणणे. सुख आणि वेग एका गाडीवर बसत नाहीत, हे त्या काळचे अध्यात्म.

ते खोटे ठरले १९३५ साली, आयल ऑफ मॅन बेटावरच्या सीनियर टी.टी. शर्यतीत. सुमारे ४२५ किलोमीटरची शर्यत. एकीकडे जिमी गथ्री आणि त्याची मागे ताठ असलेली नॉर्टन. दुसरीकडे स्टॅन्ली वूड्स आणि मागे स्प्रिंगा असलेली इटालियन मोटो गुझ्झी. या शर्यतीत स्वार एकेक करून सोडतात. गथ्री आधी सुटला, आधी पोचला आणि लोक त्याचे अभिनंदन करू लागले. मागाहून वूड्स आला. घड्याळे जुळवली तेव्हा तो चार सेकंदांनी जिंकला होता! पुढच्याच वर्षी नॉर्टनच्या शर्यतीच्या गाड्यांना मागे स्प्रिंगा आल्या. खड्ड्यात टेकलेले चाकच गाडीला पुढे ढकलते, हवेत उडालेले चाक नुसते फिरत राहते, हे पटायला पन्नास वर्षे लागली. आणि पटले तेही वेगासाठी. मागे बसणाऱ्याची कंबर कुणी विचारात घेतली नव्हती.

पुढे सगळे भराभर झाले. ट्रायम्फने महायुद्धानंतर मागच्या चाकाच्या तुंब्यातच स्प्रिंगा कोंबल्या. त्या इतक्या दाबून बसवलेल्या होत्या, की 'हे उघडू नये' अशी सूचना तुंब्यावरच ओतीव अक्षरांत होती. १९४८ साली रॉयल एन्फिल्डच्या बुलेटला मागे झुलती भुजा आणि तेलाचे शॉकअप आले, आणि त्याच वर्षी इटलीत सान रेमोला सहा दिवसांच्या कसोटीत दोन बुलेटस्वारांनी सुवर्णपदके मिळवली. तीच बुलेट १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागली आणि आपल्या खड्ड्यांची झाली. हार्ले डेव्हिडसनच्या थोरल्या गाड्यांनी पुढे तेलाचे शॉकअप दिले १९४९ साली, मागे १९५८ साली. मागे बसणाऱ्याने नऊ वर्षे वाट पाहिली.

हा इतिहास मी रात्री जेवताना हिला मोठ्या रंगात सांगितला. तिने आमटी वाढता वाढता विचारले, "आणि मिस्त्रीला तुम्ही माझं वजन किती सांगितलंत?"

"सांगितलं नाही. असेल साधारण, म्हणालो."

"ठाऊक आहे का तुम्हाला?"

मी आमटीत पाहत राहिलो. डेमलर ठाऊक, हूक ठाऊक, चार सेकंद ठाऊक. जिला इतकी वर्षे मागे घेऊन हिंडलो, तिचे वजन ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः गॅरेजमध्ये आली, रिक्षाने. चार माणसे उभी होतीच. खणखणीत आवाजात म्हणाली, "माझं छप्पन्न किलो. यांचं एक्याऐंशी. बहात्तर सांगितलं असेल, ते आमच्या लग्नातलं."

मिस्त्रीने जीभ चावली. "काकू, मी तुम्हाला नव्वद धरलं होतं."

यावर हिने माझ्याकडे जे पाहिले त्याला कुठलाही शॉकअप पुरला नसता. पण काम मात्र शास्त्रशुद्ध झाले. मिस्त्रीने टेप काढली. आधी रिकाम्या गाडीची मागची उंची मोजली, मग आम्हा दोघांना बसवून पुन्हा मोजली. दोघे बसल्यावर चाकाच्या एकूण हालचालीचा साधारण तिसरा हिस्सा खाली बसला पाहिजे, म्हणाला. चाकाला उंचवट्यावर चढायचे असते, तसे खड्ड्यात उतरायचेही असते. शिवाय माझ्या जुन्या शॉकअपमधले तेल कधीच पाझरून गेले होते. स्प्रिंग धक्का गिळते, पण पचवत नाही. पचवायचे काम तेलाचे. तेल बारीक भोकांतून रेटले जाते आणि धक्क्याचा जोर उष्णतेत जिरतो. तेल नसले की स्प्रिंग गिळलेले सगळे परत फेकते, आणि स्प्रिंग जितकी कडक तितकी जोरात फेकते. देवळापाशी हिला तोच प्रसाद मिळाला होता. मिस्त्रीने जाड स्प्रिंगा परत घेतल्या आणि आमच्या खऱ्या वजनाला बेताच्या स्प्रिंगांचे नवे शॉकअप बसवले.

दिवे घाटातून आम्ही सासवडला गेलो. येताना हिने पिकलेली सीताफळे घेतली, पिशवी मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आता बघू तुमच्या शॉकअपची परीक्षा." घाट उतरलो, हडपसरचे खड्डे झाले, पेठेतला तो गतिरोधक झाला. घरी आल्यावर तिने ओट्यावर सीताफळे एकेक करून मांडली. बारापैकी अकरा शाबूत होती.

बारावे तिने माझ्यापुढे ठेवले. "हे तुमच्या गप्प बसण्याचं," म्हणाली.

मी ते निमूटपणे खाल्ले. गोड होते.