शेतीच्या इतिहासाची पाटी

महाराष्ट्रात किल्ल्याच्या पायथ्याशी फलक असतो, संताच्या समाधीपाशी असतो, लढाई झाली त्या माळावरही असतो. शेतीचा इतिहास जिथे घडला तिथे मात्र फलक क्वचितच दिसतो. मी मिरजगावचा. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी केली आणि कर्जत, श्रीगोंदा, जामखेड या तालुक्यांतली शिवारे मोजण्यात माझे आयुष्य गेले. दगड शोधणे हेच माझे काम होते. त्या कामात एक गोष्ट मनात पक्की झाली. या राज्याच्या शेतीचा इतिहास बांधावर, शिवेवर, तलावाच्या भरावावर दगडांच्या रूपाने उभा आहे. त्याच्याजवळ दोन ओळींची पाटी लावायचे काम आपण केलेले नाही.

आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, हा इतिहास फार मागे जातो. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली जमिनीतून ब्राँझच्या जड मूर्ती निघाल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैल जुंपलेला रथ. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून तर एका अख्ख्या ताम्रपाषाण संस्कृतीला नाव मिळाले. आमच्या बाजूला श्रीगोंद्याच्या हद्दीपलीकडे, घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून बरीच वर्षे उत्खनन चालले आणि तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा पाट आणि बांध सापडला. पुराचे पाणी वळवून घ्यायची ती सोय होती. पुढे पाऊस उणावला तशी तिथली शेतीही आटली आणि माणसांची चौकोनी घरे जाऊन साध्या गोल झोपड्या आल्या, असे संशोधकांनी दाखवून दिले. पाऊस उणावला की घरदार बदलते, हे आमच्या भागाला तेव्हापासून ठाऊक आहे.

मधल्या काळातल्या खुणा देवळांजवळ सापडतात. वीरगळावर खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या दिसल्या, तर समजावे की गावाचे गोधन वाचवताना हा माणूस पडला. आज आपण त्याला शेंदूर लावतो, पण तो गाईगुरांसाठी मेला हे पोरांना सांगत नाही. गद्धेगाळाचा दगड जमिनीच्या दानाचा असतो. त्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतात, म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालावे, आणि ते मोडणाऱ्याला शिवी असते. नेवाशाच्या ज्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, त्या खांबावरही देवापुढच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा लेख आहे. तेल गावच्या घाण्याचे आणि घाण्यातले दाणे शिवारातले. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या आधारस्तंभालाही शेतीचा हात लागलेला आहे.

निजामशाहीतले भातोडी लढाईसाठी सगळ्यांना माहीत आहे. १६२४ साली मलिक अंबरने तिथे मोगल आणि आदिलशाही फौजांचा पाडाव केला, आणि शहाजीराजांचे भाऊ शरीफजी तिथे पडले. पण भातोडीला तलाव होता म्हणून ती लढाई तशी झाली. मेहेकरी नदीवरचा हा तलाव निजामशाहीत बांधला गेला आणि इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात दुरुस्त करून त्यावर कालवा काढला. मेहेकरी पुढे सीनेला मिळते आणि सीना आमच्या अंगाने खाली जाते. मलिक अंबरची दुसरी ओळख माझ्या धंद्याची आहे. जमीन मोजून, तिची प्रत पाहून सारा बांधण्याची त्याची पद्धत दख्खनमध्ये पुढे कितीतरी वर्षे आदर्श मानली गेली. भातोडीला जाणाऱ्याला लढाईबरोबर हा तलाव आणि ही मोजणीही कळायला हवी.

आता माझ्या दगडांकडे येतो. मोजणीला गेले की आधी टिपण उघडायचे. जुन्या टिपणात अंतर साखळी आणि आण्यांत लिहिलेले असते. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. टिपणातले अंतर जमिनीवर घ्यायचे आणि तिथे हद्दीची निशाणी शोधायची. कित्येकदा दगड मातीखाली गेलेला असतो. पहारीने उकरून तो नेमका टिपणात सांगितलेल्या जागी सापडला, की भांडायला आलेले दोन्ही शेजारी गप्प होतात.

या दगडांची सुरुवात आमच्या शेजारी झाली. कर्जत तालुक्याच्या दक्षिणेला भीमा आहे आणि तिच्या पलीकडे इंदापूर. पेशवाई गेल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात मोजणी केली आणि खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सारा धरला. कागदावर हिशेब नेटका होता. शेतकऱ्याला तो झेपला नाही. जमिनी पडीक पडल्या, माणसे निजामाच्या मुलखात निघून गेली. तेव्हा १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने सुरुवात केली. शेत हा एकक धरला, मातीचा रंग आणि खोली पाहून प्रत ठरवली, सर्वांत चांगली जमीन १६ आण्यांची मानली, सारा उतरवला आणि तो ३० वर्षांसाठी कायम केला. तीच पद्धत मग नगरसह सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. आज तुमच्या सातबाऱ्यावर जो आकार लिहिलेला आहे, त्याचे मूळ या कामात आहे.

आमच्या पूर्वेला आणखी एक शीव होती. सीनेच्या पलीकडे आष्टी, ते १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. जुनी माणसे त्याला मोगलाई म्हणत. इकडे इंग्रजांचा सारा, तिकडे निजामाचा, आणि नदी मात्र दोघांची एकच. दोन राज्यांमधली ती शीव मिटली, तरी सीनेच्या दोन्ही काठांवरच्या जुन्या कागदांत दोन वेगळ्या राजवटी अजून वाचता येतात.

इंदापूरच्या ३० वर्षांच्या मुदतीनंतर फेरमोजणी झाली आणि सारा मोठ्या प्रमाणात वाढला. त्याआधी अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५ या काळात, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आणला होता. सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. तो वणवा नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पोचला. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. शेतकऱ्याचे कर्ज हा राज्याने दखल घ्यायचा प्रश्न आहे, हे या मातीतल्या लोकांनी सरकारला मान्य करायला लावले. त्याची खूण म्हणून गावोगावी फलक उभे राहायला हवे होते.

पाठोपाठ १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. दौंड ते मनमाड हा लोहमार्ग त्या काळात दुष्काळी कामातून झाला आणि १८७८ मध्ये सुरू झाला. सरकारने मजुरी उतरवून माणसामागे दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर आणली, तेव्हा लोकांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. श्रीगोंद्यावरून जाणाऱ्या गाडीत बसणाऱ्याला आपण उपाशी माणसांनी टाकलेल्या भरावावरून जातो आहोत, हे कळायला हवे. स्टेशनावर ते कुठे लिहिलेले मला आढळले नाही.

विसाव्या शतकात आमच्या जिल्ह्याचे दोन भाग झाले. उत्तरेला पाणी आले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, उसाचे मळे उभे राहिले. विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साथीने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. १९४८ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि १९५० मध्ये गाळप सुरू झाले. या इतिहासाला पाट्या आहेत, पुतळे आहेत, आणि ते योग्यच आहे.

दक्षिणेला, म्हणजे आमच्याकडे, पाऊस वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. इथला इतिहास रब्बीच्या ज्वारीचा आहे. पावसाळाभर रान कुळवून मोकळे ठेवायचे, ओल धरायची, आणि उत्तरा-हस्ताच्या सुमाराला तिफणीने पेरायचे. पुढचे पीक त्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर येते. धान्य माणसाला, कडबा जनावराला. याच ज्ञानाला शास्त्राची जोड सोलापूरला १९३३ मध्ये सुरू झालेल्या कोरडवाहू संशोधन केंद्राने दिली. आमच्या गावावरून जाणाऱ्या सोलापूर रस्त्याने पुढे गेले की मोहोळ लागते. तिथे शेतकऱ्यांच्या मालदांडीतून निवड करून १९३० च्या दशकात एम ३५-१ हा वाण काढला गेला. इतकी वर्षे झाली, नवे वाण आले, तरी भाकरीला आणि कडब्याला लोक अजून मालदांडीच मागतात. आधीचे वाण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कणसे निवडून राखले, त्यांची नावे कुठेच नाहीत. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर माळरानांवर समतल बांध पडले. आमच्याकडे त्यांना अजून बंडिंग म्हणतात. त्याही बांधांवर कोणाचे नाव नाही.

मग १९७२ चा दुष्काळ. माझी आई त्या वर्षी पाझर तलावाच्या कामावर होती. सकाळी हजेरीपटावर मुकादम नाव घ्यायचा. पुरुष खणायचे, बायका डोक्यावर चुंबळ ठेवून मुरमाच्या पाट्या भरावावर टाकायच्या. काही जणी दिवसभर खडी फोडायच्या. रेशनवर परदेशातली लाल मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची, म्हणून आई त्यात मूठभर दुसरे पीठ मिसळायची, असेल तेव्हा. पोरांना सुकडी मिळायची. आई सांगायची की त्या कामावर पहिल्यांदा तिच्या हातात स्वतःच्या नावाची मजुरी पडली, आणि पाटलाची, मजुराची, सगळ्या वाड्यावस्त्यांची बाई एका रांगेत उभी राहिली.

मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. त्यातूनच वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क कायद्याने देणारे महाराष्ट्र पहिले राज्य. २००५ मध्ये साऱ्या देशाला रोजगार हमी कायदा मिळाला, तो या वाटेने. म्हणजे आमच्या शिवारातला प्रत्येक पाझर तलाव हे देशाच्या एका कायद्याचे जन्मस्थान आहे. निमगाव गांगर्ड्याचे सीना धरण, त्यात भोसे खिंडीतून येणारे कुकडीचे पाणी, तालुक्यात आलेला कुकडीचा डावा कालवा, हे सगळे नंतरचे. ते येईपर्यंत या भागाला जगवले ते त्या तलावांनी.

हे मी आता लिहितो आहे याला कारण आहे. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्याने सर्व्हे नंबरांचे गट झाले तेव्हाच बरेच जुने दगड निरुपयोगी ठरले. आता मोजणी उपग्रहाच्या आधाराने, रोव्हर यंत्राने होते. गावठाणे ड्रोनने मोजली गेली. ही प्रगती चांगली आहे, तिने भांडणे कमी होतील. पण कार्यालयाला दगडाची गरज उरली नाही, की जेसीबीचालकाला तो फक्त आडवा आलेला दगड असतो. मोटेच्या विहिरींचेही तेच झाले. ऑईल इंजिन आणि विजेचे पंप आले आणि मोट गेली. आता रस्ता रुंद करताना थारोळी आणि बैलांची धाव दोन्ही बुजवली जातात. आणि १९७२ ला कामावर असलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. माझी आई नाही राहिली. तिच्या कामाच्या हजेरीपटाचा कागदही मला मिळाला नाही.

म्हणून माझी आमच्या आणि प्रत्येक गावच्या ग्रामपंचायतीला विनंती आहे. येत्या ग्रामसभेत एक ठराव करा. गावातले वीरगळ, शिवेचे जुने दगड, मोटेच्या विहिरी, बंडिंगचे बांध आणि दुष्काळी कामातले तलाव यांची यादी करा. शाळेतल्या मुलांना घेऊन गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा आणि कोण कुठल्या कामावर होते ते लिहून घ्या. मग त्या जागी चार ओळींची पाटी लावा: हे काय आहे, कोणत्या साली झाले, कशासाठी झाले, आणि ते कोणी केले. अधिकाऱ्याचे आणि पुढाऱ्याचे नाव असेल तर असू द्या, पण पाट्या वाहणाऱ्यांची नावे त्याच्या वर लिहा. याला मोठा निधी लागत नाही, पत्रा आणि रंग पुरतो. हे काम याच वर्षी करा, कारण नावे सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.