घराचा खण आणि कागदावरचें घर

घर केवढें, या प्रश्नाचें उत्तर जुन्या महाराष्ट्रांत फुटांत मिळत नसे. तें खणांत मिळे. खांबांवर तुळया चढविल्या कीं दोन तुळयांमधील जागा तो खण. अकोले तालुक्यांत, सह्याद्रीच्या कुशींत वसलेल्या राजूरसारख्या गांवीं ‘पांच खणी घर’ एवढें म्हटलें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें घराचा सारा विस्तार उभा राही. खण किती रुंद हें हातीं आलेल्या लांकडावर ठरे. सुताराजवळ चोवीस तसूंचा गज असे. नकाशा मात्र त्याच्या डोक्यांत आणि जमिनीवर ताणलेल्या दोरींत असे. या रीतीचा मोठा गुण हा कीं, घरधनी आणि कारागीर एकच भाषा बोलत.

यावरून प्राचीनांस नकाशा ठाऊक नव्हता, असा तर्क कोणी करील तर तो फोल होय. मेसोपोटेमियांतील गुदिआ राजाचा एक पुतळा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. तो चार हजार वर्षांपूर्वींचा. राजाच्या मांडीवर इमारतीचा नकाशा असून शेजारीं खुणा केलेली मापपट्टी आहे. भोपाळजवळ भोजपूर येथें अकराव्या शतकांतील अपुऱ्या शिवालयाभोंवतीं खडकांवर कोरलेल्या वास्तूच्या रेखाकृति आजही दिसतात. परंतु हा खटाटोप देवालयांसाठीं होता. खेड्यांतील गृहस्थाचें काम खणावर भागत असे.

कागदी नकाशा आमच्या घरापर्यंत पोंचला तो सरकारी बांधकामांच्या वाटेनें. बांधकाम खात्यास हाताखालचीं माणसें हवीं होतीं. त्यांकरितां १८५४ सालीं पुण्यास एक वर्ग निघाला, आणि त्यांतूनच पुढें पुण्याचें इंजिनिअरिंग कॉलेज झालें. राजूरच्या शेजारींच प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९१० ते १९२६ या काळांत बांधलें गेलें. असलें काम कोणा एकाच्या स्मरणावर सोंपवून होणारें नव्हे. जेथें एकमेकांस न ओळखणारीं माणसें एकच वास्तु उभारतात, तेथें नकाशा हीच त्यांची भाषा होते. पुढें शहरांत घर बांधण्याची परवानगी नकाशा पाहून मिळूं लागली. पुण्याचे इंजिनिअर आर. एस. देशपांडे यांनीं १९३१ सालीं हिंदुस्थानास साजेशा राहत्या घरांवर इंग्रजींत ग्रंथ प्रसिद्ध केला. घराचा नकाशा आतां मध्यम वर्गाच्या बैठकींत आला होता.

या भाषेचें पहिलें अक्षर म्हणजे प्रमाण, ज्यास आपण स्केल म्हणतों. ‘एक इंचास आठ फूट’ हें प्रमाण पूर्वीं फार चाले. त्यांत बारा फुटांची खोली कागदावर दीड इंच भरे. १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें आलीं आणि आतां ‘एकास शंभर’ हें प्रमाण रूढ आहे: चार मीटरांची खोली चार सेंटिमीटर. तपशील दाखवावयाचा तर ‘एकास पन्नास’ घेतात. तीच खोली मग आठ सेंटिमीटर होते.

दुसरें अक्षर चिन्हांचें. घर जमिनीपासून सुमारें मीटरभर उंचीवर आडवें कापलें आणि वरून पाहिलें, तर जें दिसेल तो तलनकाशा. कापलेल्या भिंती ठळक. भिंतींतील बारीक समांतर रेघा म्हणजे खिडकी. दाराजवळची कमान दार कोणीकडे उघडतें तें सांगते. जिन्यावरील बाण चढण्याची दिशा दाखवितो. तुटक रेघ बहुधा डोक्यावरचा भाग दाखविते: पोटमाळा, छज्जा, छपराची पागोळी. राजूरकडच्या धो धो पावसांत भिंत वांचते ती पागोळीमुळें. आणि वाचणाऱ्याचें दुर्लक्ष सर्वांत अधिक होतें तेंही याच रेघेकडे.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नकाशाची प्रत लहान करून काढली तरी ‘एकास शंभर’ हीं अक्षरें तशींच राहतात आणि तेव्हां खोटीं ठरतात. शेजारीं आंखलेली मापाची पट्टी मात्र नकाशाबरोबरच आंखडते, म्हणून ती खरी राहते. कागदावर पट्टी ठेवून घेतलेल्या मापापेक्षां लिहिलेलें माप प्रमाण मानावें, हा कारागिरांचा नियम त्याकरितांच आहे.

वाचकांस वाटेल, हें ज्ञान इंजिनिअराचें. आपणांस काय त्याचें? परंतु नकाशाखालीं सही घरधन्याची असते आणि घरांत गेलेली जन्माची शिल्लकही त्याचीच. खणांच्या घरांत उणीव असेल, पण काय बांधलें जाणार याविषयीं मालक अंधारांत नसे. आज सुशिक्षित गृहस्थही न वाचतां सही करतो, आणि स्वयंपाकघराचें दार ओट्यावर आपटतें हें घरच्या बाईस गृहप्रवेशानंतर कळतें. म्हणून सहीपूर्वीं नकाशा तिच्यापुढें ठेवावा. दोन मीटरांची खाट ‘एकास शंभर’ प्रमाणांत दोन सेंटिमीटर होते; तेवढा कागद कापून खोलींत सरकवून पाहावा. खाट, कपाट व दाराची कमान एकमेकांस अडतात काय, तें घटकाभरांत उमगतें. भिंत कागदावर आहे तोंवर ती खोडरबरानें हलते. पुढें तिला पहार लागते.