पुन्हा पहिला धडा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहा, असा चिटणीसबाईंनी आग्रह केला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लेखणी हातात येते ती दूधवाल्याचा हिशेब मांडण्यापुरती. पण त्याच सुमारास मंडळात एक प्रश्न निघाला. त्याचे उत्तर शोधताना मुलीने आणून दिलेली काही चरित्रे मी वाचली. जे वाचले ते सर्व भगिनींपुढे ठेवावे असे वाटले, म्हणून हा खटाटोप. चूकभूल झाल्यास पदरात घ्यावी.

प्रश्न असा होता. आपल्यातील एक भगिनी नववीत विज्ञानात नापास झाली आणि तेथेच तिची शाळा सुटली. तिचे नाव येथे सांगत नाही. पुढे लग्न झाले, दोन मुले झाली. आता मुले हाताशी आली आहेत. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसावे, मग बारावी व्हावे आणि अंगणवाडीसाठी अर्ज करावा असे तिच्या मनात आहे. मराठीचे, इतिहासाचे तिला भय नाही. भय आहे ते विज्ञानाचे. दहावीला विज्ञानाची पुस्तके दोन. एकाचा पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा, तर दुसऱ्याचा आनुवंशिकतेचा. दोन्ही उघडून तिने मिटून ठेवली. ज्या विषयाने शाळा सोडवली तो विषय पुन्हा घ्यायचा, तोही धाकट्या मुलाच्या सातवीच्या पुस्तकापासून! घरात हसू झाले. ती मला म्हणाली, "ताई, आते हाई वय शे का शिकानं?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. शीक म्हणावे तर उद्या पुन्हा नापास झाल्यावर तिचे अश्रू पुसायला कोण जाणार? नको म्हणावे तर तो अधिकार मला कोणी दिला? म्हणून आपल्या आधीच्या बायकांनी अशा वेळी काय केले, ते पाहावे असे ठरवले.

प्रथम पंडिता रमाबाईंची हकीकत सांगते. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने मुलीला शिकवले. लहानपणीच रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी भटकत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. तेव्हा त्यांचे वय होते वीस वर्षांचे. पुढे भाऊ वारला. १८८० साली त्यांनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला, पण दोनच वर्षांत तेही पटकीने गेले. मांडीवर लहानगी मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या.

१८८२ साली सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे रमाबाईंनी साक्ष दिली. आपल्या देशातील बायका पुरुष डॉक्टरला दुखणे सांगत नाहीत, म्हणून स्त्रियांना वैद्यकी शिकवली पाहिजे, असे त्यांनी तेथे आग्रहाने मांडले. दुसऱ्यांना सांगून त्या थांबल्या नाहीत. स्वतः डॉक्टर होण्याच्या इराद्याने १८८३ साली मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून त्या काळी आपल्याकडे मोठे वादळ उठले, पण तो विषय निराळा आहे.

इंग्लंडमध्ये त्यांच्या मनोरथावर घाव पडला. त्यांना कमी ऐकू येत असे, आणि या दोषामुळे वैद्यकीचा अभ्यास त्यांना बंद झाला. भगिनींनो, येथे क्षणभर थांबून विचार करा. समुद्र ओलांडून, आपल्या लोकांचे बोल ऐकून ज्या कामासाठी गेल्या, ते काम होणार नाही असे कळले. आपल्यातील कोणीही म्हटले असते की आता विज्ञान शिकून काय करायचे? रमाबाईंनी मात्र १८८४ ते १८८६ या काळात चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात नाव घातले आणि इंग्रजी, गणित व सृष्टिविज्ञान हे विषय घेतले. त्याच संस्थेत त्या संस्कृत शिकवीत. म्हणजे एका तासाला गुरू आणि दुसऱ्या तासाला विद्यार्थिनी! ज्यांना पंडितांनी सरस्वती म्हटले, त्या सव्वीस वर्षांच्या विधवा बाई परक्या भाषेत सृष्टिविज्ञानाचे पहिले पाठ घेत होत्या, आणि मुलगी त्या वेळी त्यांच्याजवळ नव्हती.

डॉक्टर त्या कधीच झाल्या नाहीत. मग तो अभ्यास वाया गेला काय? ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले. विधवा मुलींना तेथे आसरा आणि शिक्षण मिळे, आणि त्या शिक्षणात शरीरशास्त्राचे व वनस्पतिशास्त्राचे पाठही असत. आपल्या देहात काय चालते हे आपल्या मुलींना कोणी सांगत नसे, ते तेथे पुस्तकातून सांगितले जाऊ लागले. या सदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींत देवरुखकडील गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. १८९३ साली तिचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला, आणि त्याच आपल्या आनंदीबाई कर्वे, सर्वांच्या बाया. अण्णासाहेब कर्व्यांनी पुढे १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले. त्यात मातृभाषेतून शिक्षण ठेवले आणि आरोग्यशास्त्राला जागा दिली. चेल्टनहॅमला घेतलेला तो पहिला धडा असा किती घरांत पोचला, याचा हिशेब कोण करणार?

दुसरे नाव आनंदीबाई जोशी यांचे. त्यांच्या चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहा दिवसांत गेले. वेळेवर योग्य उपचार मिळाला असता तर ते वाचले असते, या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरवले. नवऱ्याची पोस्टातील नोकरी बदलीची, म्हणून शिक्षण आज या गावी तर उद्या त्या गावी असे तुकड्यातुकड्यांनी झालेले. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून जहाजाने निघून त्या जूनमध्ये अमेरिकेस पोचल्या आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या. त्या कॉलेजच्या प्रमुख रेचेल बॉडली या बाई स्वतः रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. हातात हायस्कुलाचा दाखला नसलेली ही अठरा वर्षांची मराठी मुलगी तेथे रसायन आणि शरीररचना शिकली. ११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. पुढे बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेस शारदा सदन उघडले. दुर्दैव असे की, परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई क्षयाने वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

तिसरी हकीकत आपल्या जवळची आहे. आपल्या खापरची माणसे कापडचोपडासाठी, दवाखान्यासाठी आणि कामधंद्यासाठी सुरतेला जातात. त्याच सुरतेत डॉक्टर रखमाबाईंनी वीस वर्षांहून अधिक काळ बायकांच्या दवाखान्यात काम केले. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा आणि लग्न अकराव्या वर्षी झालेले. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. घरात असा विद्वान माणूस, पण लग्न झालेल्या मुलीला शाळेचे दार बंद. त्या घरीच मिळतील ती पुस्तके वाचीत. १८८४ साली नवऱ्याने त्यांना नांदायला नेण्यासाठी कोर्टात दावा लावला. नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम १८८७ साली झाला. त्यांनी तुरुंग पत्करीन असे कळवले. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली आणि १८८९ साली त्या वैद्यकी शिकण्यास इंग्लंडला गेल्या. तेव्हा त्यांचे वय सुमारे पंचवीस होते. शास्त्राचा रीतसर अभ्यास त्यांना तेथे मुळापासून करावा लागला. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. सुरतेनंतर राजकोटलाही त्यांनी अशीच सेवा केली आणि १९५५ साली, नव्वदी पार करून, त्या वारल्या. तुटलेले शिक्षण पंचविसाव्या वर्षी जोडले म्हणून पुढे पस्तीस वर्षे गुजरातमधील बायकांना त्यांचा हात लाभला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुन्हा आरंभ करणे नेहमीच न्यायाचे असते असे नाही. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, मुंबईच्या पदवीधर. १९३३ साली त्यांनी बंगलोरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला, तर केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. त्यांनी हट्ट धरला तेव्हा एक वर्ष अजमावून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेतले. ही अट अपमानाची होती, आणि त्यांना ती आयुष्यभर सलली. पण ते वर्ष त्यांनी असे काढले की, पुढे त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. तेव्हा दुसऱ्याने आपल्याला मागे ढकलले तर राग आलाच पाहिजे. आपण आपल्या इच्छेने मागचे पान उलटले तर त्यात लाज कशाची?

कोणी म्हणेल, या थोर बायका. आपण साध्या, चुलीपुढच्या. तर रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाकडे पाहा. १९०९ साली निघालेल्या या संस्थेत संसारी, वयाने मोठ्या बायकांसाठी वर्ग असत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या प्रथम अक्षरे शिकत. तेथील कितीतरी विधवा ससून रुग्णालयात परिचारिकेचे काम शिकून आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. त्यांची नावे कोणत्या पुस्तकात नाहीत, पण इतिहास त्यांचाही आहे.

आता पुन्हा आपल्या खापरला येते. त्या भगिनीला मी एक दिवस घरी बोलावले आणि नववीचे पुस्तक आम्ही दोघींनी उघडले. आम्ल आणि आम्लारी यांच्या पानावर ती अडली. मी म्हटले, "अगं, हळदीचा डाग पडलेल्या लुगड्याला साबण लावला की काय होते?" ती म्हणाली, "लाल होतो." साबण आम्लारीच्या जातीचा, म्हणून हळद लाल होते. तेच पुस्तकात लिहिले होते. पंधरा वर्षे दर धुण्याला पाहिलेली गोष्ट तिला त्या दिवशी शास्त्राच्या नावाने भेटली. ती बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली.

त्याच पुस्तकात पुढे आनुवंशिकतेचा धडा आहे आणि त्यात सिकलसेलची माहिती आहे. हा आजार आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः आपल्या आदिवासी बांधवांत, किती घरांत आहे हे येथे कोणाला सांगायला नको. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक माणूस बहुधा धडधाकट दिसतो, म्हणून रक्त तपासल्यावाचून ते कळत नाही. हे न कळल्यामुळे किती सुनांना "तुझ्यामुळे झाले" असे ऐकून घ्यावे लागले असेल! शास्त्र सांगते की अशा बाळात दोष आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा येतो. अंगणवाडीत बसणाऱ्या बाईला हे नीट समजले, तर लग्नाआधी रक्त तपासून घ्या असे ती चार घरांना पटवील. मग दहावीत तिला किती गुण मिळाले, हे कोण विचारतो?

म्हणून माझे मत असे झाले आहे की, तिने विज्ञान पुन्हा घ्यावे, आणि न लाजता सातवीच्या पुस्तकापासून घ्यावे. पास होईलच अशी हमी मी देऊ शकत नाही. रमाबाईंनाही डॉक्टर होता आले नाही. पण जे शिकल्या ते त्यांच्या हातून कोणी काढून घेतले नाही. निर्णय अर्थात तिचा आणि तिच्या घरच्यांचा. घरच्यांना माझी एवढीच विनंती की, संध्याकाळची भाकरी एक तास उशिरा झाली तरी चालवून घ्यावी.

मंडळापुढेही एक सूचना ठेवते. आपल्या गावातील बारावी झालेल्या मुलींना बोलावून आठवड्यातून तीन दुपारी मंडळाच्या खोलीत विज्ञानाचा वर्ग चालवावा. भजनाचे वार सोडून इतर दिवशी खोली रिकामीच असते. वर्गात एकटी बसायला ती संकोचेल, म्हणून तिच्या शेजारी मी बसणार आहे. माझी शाळा सातवीनंतर सुटली, तेव्हा आठवीचे पुस्तक मला नवेच आहे.

परवा ती भेटली. फॉर्म अजून भरलेला नाही, पण दुकानातून दोनशे पानी वही आणली आहे असे म्हणाली. वहीवर अजून नाव घातलेले नाही.